गौरीचं नाक

टिटवाळ्याच्या कलाकेंद्राच्या जिन्याशी एक काळा फळा आहे. केंद्र हे नाव भारदस्त, पण ऐवज बघाल तर झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक गळकी मोरी आणि चार सतरंज्या. तरी स्टेशनकडे जाणारं प्रत्येक माणूस त्या फळ्यापाशी घटकाभर थबकतं. कारण फळा लिहितात कुंडलिक सर. सर चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राचे चिटणीस झाले. त्यांचं अक्षर इतकं सुरेख, की फळ्यावर चुकीची बातमी लिहिली तरी माणसाला ती खरी वाटावी.

बातम्या काय असतात म्हणाल, तर 'वारलीचा वर्ग शनिवारऐवजी रविवारी', 'हरवलेली कात्री सापडली, आता हातोडी सापडत नाही', 'मॅक्रमेच्या दोऱ्या मांजराने ओढल्या आहेत, वर्गाने मनावर घेऊ नये' अशा. श्रावणात एके सकाळी त्याच फळ्यावर गुलाबी खडूने लिहिलेलं होतं : 'घरच्या गौरींचे मुखवटे नव्यासारखे करून मिळतील. रंग, डोळे, डागडुजी.'

दीप्तीने ते वाचलं आणि डागडुजी या शब्दावर तिची नजर अडकली. ती कल्याणला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. दिवसभर तुटके, किडके, हलणारे दात येताना बघायचे आणि नीट होऊन जाताना बघायचे, याची तिला अशी सवय लागलेली की जगात मोडकी वस्तू दिसली की तिचा जीव कासावीस व्हायचा. आणि तिच्या घरात एक मोडकी वस्तू होती. सासूच्या थोरल्या गौरीचं नाक.

भाद्रपदात गणपतीच्या मागोमाग गौरी येतात, तशा त्यांच्या घरीही यायच्या. थोरली ज्येष्ठा, धाकटी कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. शाडूचे रंगवलेले दोन मुखवटे. एरवी वर्षभर जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत, आणि सणाला लोखंडी धडावर बसून, साडी-दागिने घालून मखरात. फलटणकडच्या गावातून या घराबरोबर त्या टिटवाळ्याला आल्या होत्या. थोरलीच्या नाकाचा शेंडा उजव्या बाजूने उडालेला. सासूबाई, म्हणजे रंगूबाई, तिला कुंकू लावताना डाव्या हाताचा अंगठा आधी क्षणभर त्या नाकावर ठेवायच्या. लहान पोराचं नाक पुसावं तसा. दीप्तीला वाटायचं, चारचौघींपासून टवका लपवतात बिचाऱ्या.

गेल्या वर्षी सोसायटीतली एक बाई हळदीकुंकवाला आली, मखरासमोर वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "अगं, भंगलेलं पूजेत ठेवत नाहीत ना?" दीप्तीचे कान तापले. रंगूबाई मात्र पुरणाचा हात पदराला पुसत म्हणाल्या, "नाकाला काय करायचंय? जेवती ना नीट?" बायका हसल्या, विषय मिटला. दीप्तीच्या डोक्यातून तो मिटला नाही.

तेव्हा यंदा सासू-सासरे शेताचं बघायला गावी गेले, तशी तिने ट्रंक उघडली, दोन्ही मुखवटे पंच्यात बांधले आणि केंद्राचा जिना चढली. सासूला विचारलं नाही. विचारायचं ते कशाला? आल्यावर बघतील आणि खूश होतील, असा तिचा सरळ हिशोब. सुनांचे असे सरळ हिशोबच घात करतात, पण ते लग्नाला पाच वर्षं झालेल्या मुलीला कोण सांगणार?

वर ऐश्वर्या होती. रंगकामाचा वर्ग तीच घ्यायची. हात देवाचा, स्वभाव चिकट. एक रेघ वाकडी गेली तर सगळं पुसून पुन्हा काढणारी. दीप्तीने मुखवटे टेबलावर ठेवले आणि विचारलं, "मागे नाव लिहू का?"

ऐश्वर्या हो म्हणणार तेवढ्यात कुंडलिक सर मोरीतून हात झटकत बाहेर आले. "नाव? गौरीच्या पाठीवर नाव? अहो, आपल्या घरचं माणूस कोणी विसरतं का? तुम्ही तुमच्या नवऱ्याच्या पाठीवर लिहिलंय का नाव?"

दीप्ती हसली, ऐश्वर्याही हसली आणि नाव लिहायचं राहिलं.

*

गौरी यायच्या आदल्या दिवशी दुपारी दीप्ती अर्धी सुट्टी टाकून मुखवटे न्यायला आली. सासू-सासरे सकाळीच गावाहून परतले होते. आता पटकन न्यायचे, गुपचूप ट्रंकेत ठेवायचे आणि उद्या लुगडं सोडताना आईंचा चेहरा बघायचा. जिना चढताना तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

दारातच त्या विझल्या.

आत बाजार भरला होता. खिडकीखाली लांब टेबलावर गौरींची रांग मांडलेली. सगळ्यांचे गाल सारखेच गुलाबी, भिवया सारख्याच रेखीव, ओठांच्या कोपऱ्यात सारखंच मंद हसू. ऐश्वर्याने भिंतीवर डोळ्यांच्या आखणीचा एक नमुना लावला होता आणि वर्गाने तो इमानेइतबारे प्रत्येक तोंडावर उतरवला होता. समोर चार-पाच बायका आणि गिरणीवाले तानाजीकाका. सगळे एकदम बोलत होते.

"आमचीच्या कानाला टवका होता बघ."

"कान भरले ताई," ऐश्वर्या म्हणाली. "लांबीची पुट्टी भरून पॉलिशपेपर मारला."

"आमच्या धाकटीच्या हनुवटीला चीर होती. केसासारखी."

"चीर बुजवली."

"आमचीचा एक डोळा जरा तिरका होता."

"तो तर पहिला सरळ केला," ऐश्वर्या म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, कारण इतकी मेहनत करून शाबासकीऐवजी आपली उलटतपासणी का चाललीय, हेच तिला कळत नव्हतं.

दीप्ती रांगेसमोर उभी राहिली. आपली थोरली कुठली? तिने डोळे मिटून गौर आठवून बघितली. हिरवी साडी आठवली, बोरमाळ आठवली, मखराचे दिवे आठवले आणि नाकाचा टवका आठवला. तोंड काही केल्या आठवेना. पाच वर्षं तिने त्या तोंडासमोर हात जोडले होते. तिने पुन्हा रांग बघितली. सगळ्याच आपल्या वाटत होत्या आणि एकही आपली वाटत नव्हती.

"फोटो!" तिला सुचलं. तिने मोबाइल काढला. गेल्या वर्षीचे फोटो निघाले ढीगभर. एकात गौरीसमोर दीप्ती, एकात गौरीसमोर दीप्ती आणि तिचा नवरा सुशांत, एकात नुसता फुलोरा. जिथे गौर दिसत होती तिथे नथ गालभर आणि हार हनुवटीपर्यंत. ऐश्वर्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला, तशी गौरीच्या तोंडाचे चौकोन चौकोन झाले. इतर बायकांनीही आपापले फोन काढले. प्रत्येकीला आपली साडी ओळखू आली, एकीला शेजारणीची साडीही ओळखू आली आणि त्यावरून थोडं वाजलं. गौर कोणाला ओळखू आली नाही.

कुंडलिक सर खोलीभर फिरत होते. "शांतता, शांतता. पद्धतशीर जाऊ. आधी मोठ्या-लहान वेगळ्या करा."

त्याने खरंच थोडं उजाडलं. एकीच्या दोन्ही अगदी इवल्याशा निघाल्या. एकीची थोरली जडशीळ, उचलताच तिने "हीच गं बाई!" म्हणून छातीशी धरली. धाकट्यांचे आकार वेगवेगळे होते, त्या तर पटापट लागल्या. दीप्तीची धाकटी लांबट तोंडाची, ती तिला हातात घेताच पटली. एकेक बाई आपापलं बोचकं बांधून, ऐश्वर्याला "रंग छान दिलायस गं" असं उपकाराखातर सांगून, जिना उतरली.

टेबलावर दोन थोरल्या उरल्या. दोघी एका मापाच्या, एका वजनाच्या, एका हसऱ्या. आणि टेबलाशी दीप्ती आणि तानाजीकाका.

"दोघींची नाकं गेलेली होती," ऐश्वर्या म्हणाली. "मी स्वतः केली. नाकच आधी जातं ना."

तानाजीकाकांच्या भिवयांवर पीठ होतं. टिटवाळ्यात त्यांना पिठाशिवाय कोणी बघितलेलं नव्हतं. गिरणीत ते जात्यावर असायचे आणि डबे घ्यायला, वजन करायला त्यांची बायको, जाई, असायची. अख्ख्या गल्लीची सुखदुःखं दळणाबरोबर तिच्या कानावर पडायची. जाईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. गेल्या साली दुखवट्यात गौरी बसल्या नाहीत. यंदा पहिल्यांदाच बसणार होत्या, जाईवाचून.

"आमचीचं नाक कधी गेलं त्येबी ठाऊक न्हाई," तानाजीकाका म्हणाले. "यंदा ट्रंक उघडली तर टवका शेजारी पडलेला. म्हटलं बरं झालं, सरांनी फळा लिवलाय. आन् वळखायचं म्हणाल, तर त्ये सगळं जाईकडं होतं. मी आपला मखराला खिळे ठोकायचो."

ते काही तक्रार करत नव्हते, नुसतं सांगत होते.  मघापर्यंत दीप्तीपुढे प्रश्न एवढाच होता, की आपली गौर चुकली तर आईंना काय सांगायचं. आता तो दुप्पट झाला. आपण चुकीची उचलली तर या माणसाच्या घरातून त्याच्या बायकोची गौर जाणार.

सरांना तोडगा सुचला. "चिठ्ठ्या टाकू. देवाचाच कौल."

"चिठ्ठ्या?" ऐश्वर्या म्हणाली. "सर, लकी ड्रॉ आहे का हा?"

"मग तू सुचव!"

"तुम्हीच म्हणालात ना, नाव कशाला लिहायचं? नवऱ्याच्या पाठीवर..."

"ते दृष्टांतादाखल होतं," सर म्हणाले आणि उगाच फडक्याने टेबल पुसायला लागले.

एवढ्यात दीप्तीचा फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'. तिने तो कानाला लावला आणि पलीकडून रंगूबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "दीप्ती, ट्रंकेत गौरी न्हाईत गं."

 खोटं बोलायला जागा होती. पॉलिशला दिल्यात, संध्याकाळी आणते, असं म्हणून यातली एक उचलून नेली असती तर कोणाला कळणार होतं? पण समोर तानाजीकाका दोन्ही थोरल्यांकडे आळीपाळीने बघत होते. शाळेत पोराला न्यायला आलेल्या बापाने चुकीच्या वर्गात डोकवावं तसा त्यांचा चेहरा झालेला.

"आई, माझ्याकडे आहेत," ती म्हणाली. "माझं चुकलंय. तुम्ही रिक्षा करून कलाकेंद्रात येता का? आत्ता?"

*

रंगूबाई आल्या. गुडघ्यावर हात ठेवत जिना चढल्या, दारात चप्पल काढली आणि टेबलासमोर उभ्या राहिल्या. दीप्तीने सगळं एका दमात सांगितलं. फळा, सोसायटीतली ती बाई, भंगलेलं पूजेत चालत नाही, तुम्हाला सरप्राइज, सगळं. रंगूबाईंनी एवढंच विचारलं, "नाक?"

"नीट केलं."

"कुणी सांगितलं हुतं?"

 कुंडलिक सर घसा खाकरून "वहिनी, चूक केंद्राची आहे" म्हणाले, पण रंगूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

तानाजीकाकांनी मात्र तोवर दोघींपैकी डावीकडची गौर उचलली होती. खिडकीच्या उजेडात धरून ते तिच्याकडे बघत होते. मग खांद्यावरच्या टॉवेलचा कोपरा घेऊन त्यांनी तिचा गाल टिपला. टॉवेलला पीठ, म्हणजे गाल होता त्यापेक्षा पांढराच झाला.

"मला आपलं वाटतंय, ही," ते म्हणाले. "म्हंजे खात्री न्हाई. पर जाई पूजा करताना थोरलीशी बोलत बसायची. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची ना गिरणीत, मग म्हणायची, बाई, आता तू माझं ऐक. आन् मला म्हणायची, हिचं तोंडच बघा, ऐकणाऱ्या माणसासारखं हाय." ते थांबले. "हिच्याकडं बघून तसं वाटतंय. पर वहिनी, तुम्हीच सांगा. तुमची असली तर घ्या. तुम्हाला वळखू येतीया, मला काय येत न्हाई."

रंगूबाईंनी टेबलावरची गौर उचलली, नाकावरून अंगठा फिरवला, परत ठेवली. मग तानाजीकाकांच्या हातातली घेतली. तिच्याही नाकावरून अंगठा फिरवला. दीप्ती त्या वेळी सासूच्या चेहऱ्यावर राग शोधत होती, हाताकडे तिचं लक्ष नव्हतं.

"तुमचीच हाय ही," रंगूबाई म्हणाल्या आणि गौर परत तानाजीकाकांच्या हातात दिली. "घेऊन जावा. उद्या लवकर सजवून ठेवा म्हंजे झालं."

टेबलावरची गौर त्यांनी पदरात घेतली. कुंडलिक सरांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की भिंतीवरचा नमुना हलला. ऐश्वर्याने डोळे पुसले. दीप्तीला तर वाटलं, सासूच्या पायावर डोकं ठेवावं.

रिक्षात बसल्यावर रंगूबाईंनी गौर मांडीवर घेतली. फाटक ओलांडल्यावर म्हणाल्या, "ते नाक सुशांतनं तोडलेलं."

"काय?"

"तीन वर्षाचा असंल. नैवेद्याचं ताट वाढलं, आन् समदी हात जोडून हुबी. ह्याला वाटलं, गौर जेवत का न्हाई? फुलोऱ्यातला लाडू घेतला आन् चढला पाटावर. तोंडात कोंबाय लागला तिच्या. लाडू कडक. नाक गेलं." त्या किंचित हसल्या. "रडला नव्हता एवढा कधी. गौरीला बाऊ झाला म्हणून. मी अंगठा धरला नाकावर. म्हटलं, बघ, राहिलं. आता गप."

 म्हणजे तो अंगठा टवका लपवण्यासाठी नव्हता. आणि आपण तो टवका लांबीने बुजवून, वर पॉलिशपेपर मारून आणला. दीप्तीला हुंदका आवरेना.

"रडू नको," रंगूबाई म्हणाल्या. "घरी भाजी निवडायचीय."

*

दुसऱ्या दिवशी गौरी आल्या. दारापासून मखरापर्यंत कुंकवाची पावलं उमटवली, दीप्तीने थोरलीला हातात धरून उंबरा ओलांडला, "गौर आली का?" "आली, सोन्याच्या पावलांनी आली" झालं, भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. सुशांत म्हणाला, "अरे वा, फेशियल केलंय का यंदा?" आणि दीप्तीने त्याच्याकडे असं बघितलं की तो आतल्या खोलीत गेला. नाकाचं त्याला काहीच आठवत नव्हतं. तीन वर्षांच्या पोराला काय आठवणार?

तिसरं माणूस असतं तर म्हटलं असतं, आता मिटलं की. पण दीप्तीचा घोळ मिटत नव्हता, वाढतच होता. सासू रागावत नव्हती. रागावलेली सासू परवडली, तिला काय करायचं ते माहीत असतं. दोन दिवस जरा खालमानेने वागायचं, तिसऱ्या दिवशी तिच्या आवडीची अळूवडी करायची. पण ही बाई पुरण वाटता वाटता गुणगुणत होती, सुनेला "तू बस, दमलीयस" म्हणत होती. हे काय आहे? माफ केलंय? की बोलण्याच्याही पलीकडे गेलंय?

पूजेच्या दिवशी दीप्ती मुद्दाम शेजारी ताट घेऊन उभी राहिली. रंगूबाईंनी धाकटीला हळद लावली, कुंकू लावलं, गाल कुरवाळला. मग थोरलीकडे वळल्या. हळद, कुंकू, हार. अंगठा नाकाकडे गेला नाही. परक्या घरच्या बाईला लावावं तसं नीटनेटकं, मळवटाच्या जागी, बोट लावून हात मागे.

 तेवढं एक होतं त्यांच्याकडे वर्षातून एकदा, तेही आपण काढून घेतलं. दीप्तीला पुरणपोळीचा घास उतरेना. सुशांत म्हणाला, "तुला बरं नाहीये का?" ती म्हणाली, "मला काही कळत नाहीये." आणि ते अक्षरशः खरं होतं.

संध्याकाळी तानाजीकाकांची मुलगी बोलवायला आली. विठ्ठलवाडीला दिली होती ती, सणासाठी आलेली. "काकू, तुम्ही याच हं हळदीकुंकवाला. आबांनी खास सांगितलंय."

दीप्तीही सासूबरोबर गेली. घर गिरणीच्या मागेच होतं. गिरणी दोन दिवस बंद, तरी पिठाचा वास होताच. मखराचे खिळे दिसत होते, कारण ठोकणारा तोच असला तरी झाकणारी नव्हती. थोरलीला जाईची जांभळी साडी नेसवलेली. समोर पाटावर तानाजीकाका मांडी घालून बसले होते, पाठमोरे. कोणी आलंय हे त्यांना कळलं नव्हतं. ते गौरीला काहीतरी सांगत होते. मोटरचा पट्टा बदलला, किती दिवस टाळत होतो, धाकट्या नातीला दात आला, असलंच. मुलीने "आबा" म्हणून हाक मारली, तसे ते ओशाळून उठले.

"या, या वहिनी. म्हटलं दोन वर्सं साचलंय सगळं, सांगून टाकावं." मग मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले, "ऐकती बरं का ही. जाई म्हणायची त्ये खोटं न्हवतं."

रंगूबाई पुढे झाल्या. मुलीने करंडा दिला. त्यांनी धाकटीला हळदीकुंकू लावलं आणि मग थोरलीसमोर वाकल्या. त्या घरात पीठ कशावर बसत नाही? गौरीच्या नाकाच्या शेंड्यावरही पांढुरकं चिमूटभर बसलेलं होतं.

रंगूबाईंचा डावा अंगठा वर गेला आणि नाकावर, उजव्या बाजूला टेकला. पीठ पुसलं गेलं तरी तो तिथेच राहिला. उजव्या हातातलं कुंकू तसंच चिमटीत.

दीप्तीने तो अंगठा बघितला. तिला आधी काही कळलं नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. 

बाहेर गल्लीत आल्यावर तिने विचारलं, "आई, ती आपली आहे?"

"हुती," रंगूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला केंद्रातच कळलेलं?"

"हात लावला तवाच. रंग वरनं देतात, आतला उतार थोडाच बदलतोय?"

"मग सांगितलं का नाही? तानाजीकाकांनी लगेच दिली असती."

"लगेच दिली असती," रंगूबाई म्हणाल्या. "म्हणून तर न्हाई सांगितलं."

दोघी थोडं चालल्या. समोरून गणपती विसर्जनाचा एक लहानसा टेम्पो आला, त्याला वाट द्यायला भिंतीकडेला थांबल्या. तो गेल्यावर दीप्ती म्हणाली, "आणि धाकटी आपल्याकडे राहिली. बहिणींची ताटातूट झाली ना, आई."

"बहिणीच हायत. सासरं येगळीच असायची." रंगूबाईंनी पदर सावरला. "दर साली हळदीकुंकवाला यायचं इथं. चुकवायचं न्हाई."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

 रंगूबाई गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबल्या, गुडघा चोळला. "मला वाटलं हुतं, न्हाई वाटायचं," त्या म्हणाल्या. "मघाशी लई वाटलं."

दीप्तीने त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. घरी जाऊन दिवा लागल्यावर दीप्ती मखरासमोर जाऊन बसली आणि तिने नव्या थोरलीचं तोंड पहिल्यांदा नीट बघितलं. कपाळ रुंद होतं. डाव्या गालाला, रंगाखालीसुद्धा, खळीसारखं काहीतरी होतं. रंगूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काय बघत बसलीस गं?" आणि ती म्हणाली, "काही नाही, बघतेय नुसती."

गौरी गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला निघाली. कलाकेंद्राच्या जिन्याशी फळा नव्याने लिहिलेला होता. वर कोजागरीच्या रांगोळी स्पर्धेचं आमंत्रण, हातोडी सापडल्याची बातमी, आणि खाली निळ्या खडूने, त्या सुरेख, कोणाचाही विश्वास बसेल अशा अक्षरात : 'कळविण्यास आनंद होतो की सर्व गौरी आपापल्या घरी सुखरूप पोहोचल्या.'

दीप्ती ते वाचत उभी राहिली. मागे-पुढे कोणी नाही असं बघून तिने अंगठा फळ्यावर टेकवला आणि 'आपापल्या' एवढाच शब्द हळूच पुसला. मग अंगठ्याचा खडू ओढणीला पुसत ती स्टेशनकडे निघाली.